जाळीची शाल: नमुना आपल्या मापात कसा बसवायचा?



पुस्तकातल्या किंवा मोबाइलवरच्या नमुन्यात लिहिलेलं असतं, ‘लोकर ३०० ग्रॅम, सुया ५ मिलिमीटर, टाके ९८’. आपल्या पिशवीत लोकर असते २०० ग्रॅम, सुया असतात वेगळ्याच नंबरच्या, आणि गिऱ्हाइकाला शाल हवी असते घरातल्या आजीच्या मापाची. अशा वेळी बऱ्याच जणी नमुना जसाच्या तसा सुरू करतात आणि लोकर संपली की दुकानात धावतात. तोवर त्या रंगाचा तोच लॉट संपलेला असतो. काही जणी तर ‘हे आपल्याला जमायचं नाही’ म्हणून सुरूच करत नाहीत.

तिसरी वाट आहे. नमुना बदलायचा, पण हिशोबाने. विणकाम करणाऱ्या गटांच्या बैठकांत यंदा हा प्रश्न वारंवार आला, म्हणून हा लेख. मी स्वतः विणकामात नवखी आहे. इथे लिहिलेलं बरंचसं आपल्याच गटांतल्या जाणत्या मावश्यांकडून शिकलेलं आहे. ज्यांना सुलट आणि उलट टाका येतो, त्यांना हे सगळं जमेल.

जाळी म्हणजे नेमकं काय?

आपल्या भाषेत मागावरचं कापडही ‘विणतात’ आणि सुयांवरचा स्वेटरही ‘विणतात’. काश्मीरची पश्मिना शाल मागावर होते. आपण बोलतोय ती दोन सुयांवरची, मुद्दाम भोकं पाडून केलेली शाल.

भोक पाडायची युक्ती सोपी आहे. लोकर पुढे घेऊन पुढचा टाका सुलट विणला की सुईवर एक जास्तीचा वेढा पडतो. परतीच्या ओळीत तो विणला की तिथे भोक दिसतं. मात्र सुईवर एक टाका वाढला. तो वाढलेला टाका कमी करायला जवळपास कुठेतरी दोन टाके एकत्र विणायचे.

सगळ्या जाळीचं गणित एवढंच: जेवढी भोकं, तेवढ्या जोड्या. दोन्ही सारखे असतील तर शालीची रुंदी तेवढीच राहते. भोकं जास्त झाली तर शाल पसरते, जोड्या जास्त झाल्या तर आवळते. हे एकदा डोक्यात बसलं की छापील नमुन्याची भीती जाते. कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, ते आपलं आपल्याला कळतं.

एक नमुना घेऊ: शेटलंडची लाट

स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात शेटलंड नावाची बेटं आहेत. तिथल्या मेंढ्यांची लोकर मऊ आणि बारीक असते. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ, ती घोंगडीला उत्तम, पण जाळीच्या शालीला नाही. शेटलंडच्या बायका इतकी तलम शाल विणायच्या की ती अंगठीतून आरपार जायची. जळणासाठी वाळवलेल्या दलदलीच्या मातीची टोपली पाठीवर, आणि चालता चालता हातात विणकाम, असे त्यांचे जुने फोटो आहेत. डोक्यावर मोळी घेऊन घरी येणाऱ्या आपल्या बायकांना यात नवल वाटणार नाही.

त्यांचा एक जुना नमुना लाटांसारखा दिसतो. चार ओळींचा आहे आणि त्यात जाळीची ओळ एकच आहे, म्हणून शिकायला सोपा. एका लाटेला १८ टाके लागतात. दोन्ही कडांना ४-४ टाके नेहमी सुलट विणायचे, म्हणजे कड मुडपत नाही. मधल्या टाक्यांवर असं करायचं:

ओळ १ (सरळ बाजू): सगळे सुलट.
ओळ २ (मागची बाजू): सगळे उलट.
ओळ ३: दोन टाके एकत्र सुलट, असं ३ वेळा, मग ‘लोकर पुढे, १ सुलट’, असं ६ वेळा, मग पुन्हा दोन टाके एकत्र सुलट, ३ वेळा. ही झाली एक लाट. पुढच्या १८ टाक्यांवर हेच.
ओळ ४ (मागची बाजू): सगळे सुलट.

आता तिसरी ओळ मोजून बघा. भोकं सहा. जोड्या तीन आणि तीन, सहा. १८ टाक्यांचे १८च राहिले.

चार ओळींच्या या संचाला आपण ‘पट्टा’ म्हणू. प्रत्येक लाटेच्या शेवटी सुईवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचं छोटं कडं अडकवा. मग टाका चुकला तर अख्खी ओळ मोजावी लागत नाही, फक्त तेवढी लाट तपासायची.

आधी तुकडा, मग शाल

नमुना बदलायचा तर आपली लोकर आणि आपला हात काय माप देतो ते आधी कळायला हवं. एकच नमुना, तीच लोकर, तरी दोघींची शाल सारखी होत नाही. एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल.

त्याआधी सुयांबद्दल एक सावधगिरी. आपल्या बाजारात मिळणाऱ्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते. आपली ६ नंबरची सुई ५ मिलिमीटरची, ८ नंबरची ४ मिलिमीटरची आणि १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकन व्हिडिओत मात्र उलट असतं. तिथे नंबर वाढला की सुई जाड, आणि त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. म्हणून व्हिडिओतला नंबर ऐकून सुया घेऊ नका, मिलिमीटर बघा. जाळीसाठी लोकरीच्या लेबलवर सांगितलेल्या सुईपेक्षा एक-दोन नंबर जाड सुई घ्या, भोकं उघडी दिसतात.

तुकड्यासाठी दोन लाटांचे ३६ आणि कडांचे ८, असे ४४ टाके घाला. सहा इंच विणा, धुवा, पसरून वाळवा आणि मगच मोजा. सुईवर असताना घेतलेलं माप खोटं असतं, कारण जाळी धुतल्यावर पसरते. विणण्याआधी आणि नंतर लोकरीच्या गुंडीचं वजन करून ठेवा. किराणा दुकानातला डिजिटल काटा यासाठी चालतो.

समजा, तुमच्या तुकड्यात एक लाट ४ इंचांची आली आणि दोन्ही कडा मिळून २ इंच. म्हणजे तुकडा १० इंच रुंद, ६ इंच लांब, एकूण ६० चौरस इंच. त्याला १० ग्रॅम लोकर लागली. एवढे आकडे हातात आले की पुढचं सगळं पाचवीचं गणित आहे.

२०० ग्रॅममध्ये काय बसेल?

पाच लाटांची शाल करायची तर टाके ९० अधिक ८, म्हणजे ९८. रुंदी २० अधिक २, म्हणजे २२ इंच. लांबी ६६ इंच ठेवली तर १,४५२ चौरस इंच. ६० चौरस इंचाला १० ग्रॅम, या हिशोबाने साधारण २४२ ग्रॅम लोकर लागेल. आपल्याकडे आहे २०० ग्रॅम. म्हणजे ही शाल पुरी होणार नाही, हे पहिला टाका घालायच्या आधीच कळलं.

आता उलटा हिशोब करू. २०० ग्रॅममधले २० ग्रॅम हाताशी राखून ठेवायचे. राहिले १८० ग्रॅम, त्यात १,०८० चौरस इंच होतील. एक लाट कमी केली तर टाके ८० आणि रुंदी १८ इंच. १,०८० ला १८ ने भागा: ६० इंच. म्हणजे १८ बाय ६० इंचांची छान शाल हातातल्याच लोकरीत होते. नमुना तोच, फक्त एक लाट कमी.

टाक्यांचा नियम लिहून ठेवा: लाटा गुणिले १८, अधिक ८. तीन लाटांना ६२, चार लाटांना ८०, पाच लाटांना ९८. मधलाच आकडा, म्हणजे ८५ किंवा ९०, घेतला तर जाळी जुळणार नाही.

लोकर जाड असेल तर १८ टाक्यांची लाट फार रुंद होते. तेव्हा लाटच लहान करा. १२ टाक्यांच्या लाटेसाठी तिसरी ओळ अशी: दोन एकत्र २ वेळा, ‘लोकर पुढे, १ सुलट’ ४ वेळा, दोन एकत्र २ वेळा. भोकं चार, जोड्या चार. तेव्हा नियम लाटा गुणिले १२, अधिक ८. मफलरला आणि बाळाच्या शालीलाही ही लहान लाट शोभते.

विणता विणता काय बदलता येतं?

सुरुवात केल्यावर रुंदीला हात लावू नका. बाकी पुष्कळ मोकळीक आहे.

लांबी: प्रत्येक पट्टा संपला की शाल थांबवता येते. शेवट नेहमी चौथ्या ओळीनंतर करा.

ऊब: म्हाताऱ्या माणसांना भोकं कमी आणि ऊब जास्त हवी असते. पहिली आणि दुसरी ओळ दोनदा विणा, मग जाळीची ओळ. चार ओळींचा पट्टा सहा ओळींचा होतो. लोकरीचा हिशोब थोडा बदलेल, म्हणून या पद्धतीचा तुकडा वेगळा करून बघा.

रंग: शेटलंडमध्ये रोजच्या वापराच्या शालींना याच लाटेचे वेगवेगळ्या छटांचे पट्टे असायचे. आपल्याकडे उरलेल्या लहान गुंड्या असतात, त्यांना हा उत्तम उपयोग. रंग नेहमी पहिल्या ओळीच्या सुरुवातीला बदला. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये फरक दिसत असेल तर दोन्ही गुंड्या आलटून पालटून घ्या, एक पट्टा हिचा, एक तिचा. फरक लपतो.

राहिलेलं भोक: तिसऱ्या ओळीत लोकर पुढे घ्यायची राहून गेली, असं चौथ्या ओळीत मोजताना लक्षात आलं तर उसवू नका. ते भोक जिथे हवं होतं तिथल्या दोन टाक्यांमध्ये एक आडवा धागा दिसतो. तो सुईने उचलून डाव्या सुईवर घ्या आणि विणा. भोक जरा लहान येतं, पण धुतल्यावर शोधून सापडत नाही.

आधाराचा दोरा: आपलं विणकाम सलग कधीच होत नाही. गाईची धार, पाणी, बैठक, मुलांचा अभ्यास, यामधून ते होतं. जाळीचा टाका निसटला तर खालपर्यंत घरंगळतो. म्हणून दर चार-पाच पट्ट्यांनी, चौथी ओळ झाल्यावर, शिवणाच्या सुईत वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून घालून ठेवा. अडकवलेल्या कड्यांतून मात्र तो घालू नका. पुढे काही बिघडलं तर तिथपर्यंतच उसवायचं. शाल पूर्ण झाली की दोरा ओढून काढायचा.

शेवटी टाके सैल बंद करा. जमत नसेल तर त्यासाठी उजव्या हातात जाड सुई घ्या. कड घट्ट झाली तर धुतल्यावर बाकी शाल पसरते आणि ती कड तशीच आवळलेली राहते. टाके बंद करायला शालीच्या रुंदीच्या किमान चौपट लांब लोकर शिल्लक हवी.

त्रिकोणी शालीचा हिशोब वेगळा

त्रिकोणी शाल मानेपाशी थोड्या टाक्यांनी सुरू होते आणि ओळीगणिक वाढत जाते. सुरुवातीला वाटतं, किती भरभर होतेय! पुढे एकेक ओळ संपता संपत नाही. लोकरीचंही तसंच. निम्मी खोली झाली की निम्मी लोकर संपली, असं वाटतं, पण तेव्हा फक्त पाव लोकर गेलेली असते. २० इंच खोल शालीला निम्मी लोकर संपते ती १४ इंचांवर. उरलेल्या ६ इंचांना तेवढीच लोकर लागते.

यातून एक उपयोगी नियम निघतो. निम्मी लोकर संपेल तेव्हा शालीची खोली मोजा आणि तिला १.४ ने गुणा. साधारण तेवढीच मोठी शाल होणार. कडेला वेगळी झालर करायची असेल तर त्याआधीच थांबा.

धुणं आणि ताणणं

सुईवरून उतरलेली जाळी चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते. ते बघून निराश होऊ नका. खऱ्या लोकरीची शाल कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. मग गोधडीवर स्वच्छ चादर घालून त्यावर पसरा, लाटांची टोकं ओढून न गंजणाऱ्या टाचण्या लावा आणि पूर्ण वाळू द्या. भोकं उघडतात आणि नक्षी डोळ्यांत भरते.

आपल्या बाजारातली पुष्कळशी ‘लोकर’ अ‍ॅक्रिलिक असते, लेबल वाचा. ती नुसत्या पाण्याने ताणलेली राहत नाही. तिला इस्त्रीची वाफ लागते, तीही वरून, इस्त्री न टेकवता. उष्णता जास्त झाली तर ती कायमची लुळी पडते. म्हणून आधी तुकड्यावर करून बघा, मगच शालीवर.

तासांचा हिशोब: हा विसरू नका

आता मुद्द्याची गोष्ट. नमुना बदलला की फक्त लोकर बदलत नाही, आपले तासही बदलतात.

वरच्याच तुकड्यात तीन पट्ट्यांना २ इंच लांबी मिळाली असं धरू. म्हणजे ६० इंचांना ९० पट्टे. चार लाटांच्या शालीचा एक पट्टा १६ मिनिटांत होत असेल तर १,४४० मिनिटं, म्हणजे २४ तास. पाच लाटांची, ६६ इंचांची शाल केली तर ९९ पट्टे, प्रत्येकी २० मिनिटं, म्हणजे ३३ तास. दोन्ही शाली गिऱ्हाइकाला सारख्याच वाटतील. आपल्याला मात्र त्यांच्यात नऊ तासांचा फरक आहे. भाव एकच ठेवला तर ते नऊ तास आपण फुकट दिले.

गटाने तासाला ४० रुपये मजुरी ठरवली असेल, तर चार लाटांच्या शालीची नुसती मजुरी ९६० रुपये होते. त्यात लोकर, टाचण्या, पिशवी, प्रवास आला की खरा खर्च समजतो. गिऱ्हाईक तेवढे देत नसेल तर मजुरी कापू नका, नमुना बदला. लहान करा, पट्टे कमी करा, त्याच लोकरीची मफलर दाखवा.

हे मी जोर देऊन लिहितेय त्याला कारण आहे. ज्या शेटलंडच्या बायकांचा नमुना आपण वापरतोय, त्यांना व्यापारी विणकामाचे पैसे रोख देत नसत. चहा, कापड असा दुकानातला माल द्यायचे. त्याबद्दल १८७२ मध्ये सरकारी चौकशी झाली आणि विणणाऱ्या बायकांनी स्वतः साक्षी दिल्या.

आपल्या देशातलंही उदाहरण आहे. आंध्र प्रदेशात नरसापूर भागात बायका घरी बसून क्रोशाची लेस करतात आणि ती परदेशी जाते. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर अभ्यास केला, त्याचं पुस्तक १९८२ मध्ये निघालं. समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला ते सांगितलं होतं. त्यांना दिसलं ते असं: बायका रोज कित्येक तास लेस करत होत्या, पण सगळे त्यांना ‘घरी बसणाऱ्या’ म्हणत होते आणि लेस म्हणजे फावल्या वेळाचा उद्योग समजत होते. काम फावल्या वेळातलं ठरलं की मजुरीही तशीच ठरते.

‘घरात बसल्या बसल्या करतेस, त्याचे कसले एवढे पैसे?’ हे वाक्य आपल्यालाही नवीन नाही. त्याला भांडून उत्तर देण्यापेक्षा वहीतला आकडा दाखवलेला बरा.

गटाची विणकाम वही

म्हणून प्रत्येक विणकाम गटाने एक वेगळी वही करावी. प्रत्येक शालीला एक पान. त्यावर एवढं लिहायचं:

१. लोकरीचं नाव, लॉट नंबर आणि सुईचे मिलिमीटर
२. तुकड्याचं धुतल्यानंतरचं माप आणि वजन
३. लाटा किती, टाके किती, पट्टे किती
४. मूळ नमुन्यात काय बदललं आणि का
५. एकूण लोकर, एकूण तास
६. विक्रीची किंमत

पानाला तुकडा टाचून ठेवला तर फारच छान. लिहिणं अवघड वाटत असेल तर मुलीला सांगा, नातवाला सांगा, पण आकडे आपले आपण मोजा. अशी पाच-दहा पानं झाली की नवीन ऑर्डर आल्यावर किती लोकर, किती दिवस आणि किती रुपये, हे बैठकीतच सांगता येईल. नवीन मैत्रीण गटात आली तर तिच्या हातात ही वही देता येईल. बँकेतली बचत जशी गटाची, तसाच हा नमुनाही गटाचा.

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीने धुतलेला एक तुकडा आणि त्याचे आकडे घेऊन या. एकाच लोकरीचे दहा जणींचे दहा तुकडे शेजारी ठेवू. कोणाचा हात सैल, कोणाचा घट्ट, ते दिसेल आणि मोठी ऑर्डर आली तर कोणी कोणत्या नंबरची सुई घ्यायची, तेही तिथेच ठरवता येईल.

– क्षेत्र समन्वयक